शाळेचा कारभार कोणाचा?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. आषाढ लागेपर्यंत पहूरच्या पेठेतील दुकानांमधून वह्या, दप्तरे आणि रेनकोट यांची गर्दी ओसरलेली असते. त्याच सुमारास संघात चातुर्मास-प्रवेशाची लगबग चालते आणि शाळांमध्ये शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि जामनेरहून शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे जाणारा रस्ता जेथे भेटतात, तेथे वाघूर नदीच्या काठी वसलेले हे गाव. पेठ आणि कसबे हे त्याचे दोन भाग. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी येथे थांबत असे, तेव्हा तिच्यात बाजारकरूंच्या गाठोड्यांबरोबर विद्यार्थ्यांची दप्तरेही असत. गाडी बंद पडली. शाळा आणि बाजार मात्र अजून एकाच रस्त्यावर नांदतात. त्यामुळे दुपारी शाळेत जे घडते, ते संध्याकाळी दुकानाच्या गादीवर पोहोचते.

अशाच एखाद्या संध्याकाळी आठवीतील मुलगी दप्तर टाकून सांगते, ‘‘आजोबा, मी आरोग्यमंत्री झाले!’’ आजोबा रोजमेळातून मान वर करून विचारतात, ‘‘खाते मिळाले, बेटा, अधिकार काय मिळाला?’’ मुलगी थोडा विचार करून सांगते, की रोज परिपाठानंतर मुलांची नखे तपासायची. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा नळ गळतो, त्याचे काय, या पुढच्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते. ते तिच्या वर्गशिक्षकांकडेही नसते. मुख्याध्यापक म्हणतात, शालेय समितीपुढे ठेवू. समिती म्हणते, संस्थेची मंजुरी हवी. आणि संस्थेची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झालेली असते. हा प्रसंग खानदेशातील कोणत्याही गावात घडण्यासारखा आहे. दुकानाचा नळ गळला असता, तर तो त्याच दिवशी दुरुस्त झाला असता, कारण तेथे खर्च कोणी करायचा आणि जाब कोणी द्यायचा, हे ठरलेले असते. शाळेत नेमके हेच ठरलेले नसते.

शालेय मंत्रिमंडळाची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर रुजली आहे. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री, कोठे पोषण आहारमंत्री. उमेदवारी अर्ज, चिन्हे, प्रचार, बोटाला शाई, अलीकडे तर मोबाइलवरील मतदानयंत्र. मुलांना मौज वाटते आणि नागरिकशास्त्राचा धडा डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु शपथविधी आटोपला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, की बहुतेक ठिकाणी मंत्रिमंडळाचे कामही आटोपते. निवडणूक शिकवली जाते, कारभार शिकवला जात नाही. व्यापारी घरातील मुलाला हा भेद समजावून सांगावा लागू नये. दुकानाचे उद्घाटन एक दिवसाचे असते, हिशेब मात्र तीनशे पासष्ट दिवसांचा.

विद्यार्थ्याकडे कारभार सोपवण्याची कल्पना पश्चिमेकडून आली, असे अनेकांना वाटते. ‘मॉनिटर’ हा शब्द तिकडचा खरा, पण त्यामागच्या पद्धतीचा जन्म याच देशातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हे मद्रासमधील एग्मोरच्या अनाथालयाचे अधीक्षक होते. देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवतात, हे त्यांनी पाहिले. आपल्या शिक्षकांनी ती रीत स्वीकारण्यास कुरकुर केली, तेव्हा त्यांनी एका मोठ्या मुलालाच लहानांच्या वर्गावर बसवले. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाची पुस्तिका लंडनमध्ये प्रसिद्ध केली आणि ती पद्धत पुढे इंग्लंडभर पसरली. खानदेशातील जुन्या गावठी शाळांत धुळाक्षरे गिरवलेल्या पिढ्यांना यात नवल वाटले नसते. पंतोजी बाहेर गेले, की थोरला विद्यार्थी पाढे म्हणवून घेई. मात्र या व्यवस्थेतील मॉनिटर हा गुरुजींचा हस्तक होता. तो वरून नेमला जाई आणि त्याचा जाब वरच द्यावा लागे. खालच्या मुलांनी निवडलेला, त्यांचे म्हणणे वर नेणारा प्रतिनिधी ही अगदी निराळी गोष्ट. आजच्या शाळांमध्ये नाव प्रतिनिधीचे आणि काम मॉनिटरचे, अशी सरमिसळ झाली आहे. नखे तपासणारी आरोग्यमंत्री ही मॉनिटर असते; नळाचा प्रश्न समितीपुढे नेणारी आरोग्यमंत्री ही प्रतिनिधी ठरते.

इंग्लंडमधील समरहिल ही शाळा ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये काढली. तेथे शाळेच्या सभेत लहान मुलाचे आणि मुख्याध्यापकाचे मत सारखेच धरले जाते. तो टोकाचा प्रयोग आहे. अनुदान, वेतन आणि बोर्डाच्या परीक्षा यांनी बांधलेल्या येथील शाळांना तो तसाच उचलता येणार नाही. उदाहरणे शोधण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारणही नाही.

जळगाव जिल्ह्यातच अमळनेर येथे साने गुरुजी १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न बोलता स्वतः झाडून ठेवीत, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे त्यांचे हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’. वसतिगृहातील मुलांसाठी रोज नवा मजकूर स्वतः लिहून ते फलकावर लावीत. मुलांनी काय वाचावे, बाहेर देशात काय चालले आहे आणि छात्रालयात काल काय चुकले, हे सगळे उघडपणे सर्वांसमोर येई. कानात सांगितलेली चूक आणि फलकावर आलेली चूक यांत फार अंतर असते. १९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. एका माणसाच्या मायेवर उभी राहिलेली व्यवस्था तो माणूस गेल्यावर कशी चालवायची, हा प्रश्न अमळनेरलाच काय, प्रत्येक संस्थेला कधी ना कधी पडतो. माया वारसाहक्काने देता येत नाही, कारभाराची रीत मात्र देता येते.

अशी रीत घालून देणारा सर्वांत मोठा माणूस जैन घरात जन्मला. समाजाच्या सभांमध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, परंतु त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण सहसा घाईने उरकले जाते. ते येथे सविस्तर सांगितले पाहिजे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे झाला. घराणे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुकचे, दिगंबर जैन. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत. पुढील शिक्षणासाठी मुलगा कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले होते, त्यांपैकीच हे एक. जागा आणि साहाय्य दरबारचे. व्यवस्था त्या त्या समाजातील प्रमुखांची. जैन बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांच्या हाती होती. लठ्ठे म्हणजे सामान्य व्यक्ती नव्हे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतले ते अग्रणी. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. सुधारक म्हणून त्यांची ख्याती होती. शिस्तीच्या बाबतीत मात्र ते कडक होते.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर जेवणघरात येण्यापूर्वी स्नान करून कपडे बदलावेत, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. नियम मोडला म्हणून त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले. त्यानंतर काही काळ शाहू महाराजांच्या वाड्यात त्यांना आसरा मिळाला. शाळेची परीक्षा शेवटपर्यंत त्यांना साधली नाही.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते, आणि अनेकांत मानणाऱ्या समाजाने तसे पाहिलेही पाहिजे. वसतिगृह चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर एका मुलाला सूट दिली, की उद्या दहा मुले सवलत मागणार. शिवाय त्या काळी सोवळ्याओवळ्याच्या कल्पना घराघरांत घट्ट होत्या आणि मुले तेथे ठेवणाऱ्या पालकांनाही उत्तर द्यावे लागे. मुलाच्या बाजूने पाहिले, तर ज्या नियमाने माणसाच्या स्पर्शाला विटाळ ठरवले, तो नियम पाळणे हेच चूक होते. प्रश्न उरतो तो असा, की त्या बोर्डिंगमध्ये असा नियम बदलावा, असे म्हणण्याची कोणती जागा विद्यार्थ्याला होती? नियम पाळणे किंवा बाहेर पडणे, एवढेच दोन दरवाजे होते. तिसरा दरवाजा नव्हता. आजही बहुतेक शाळांमध्ये तो नसतो, आणि शालेय मंत्रिमंडळ हा नेमका तो तिसरा दरवाजा होऊ शकतो, ही बाब ना संस्थाचालकांच्या लक्षात येते, ना शिक्षकांच्या.

कथा येथे संपत नाही. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांना अटक करून त्यांचा छळ करण्यात आला. तो इतका असह्य झाला, की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. खोटी साक्ष मात्र दिली नाही. ज्याने बोर्डिंगमधून काढले, त्याच माणसाविरुद्ध एक वाक्य बोलले असते, तर सुटका होणार होती. ते वाक्य उच्चारले गेले नाही. सत्यव्रताची चर्चा व्याख्यानांमध्ये पुष्कळ होते. ही साक्ष तुरुंगातली आहे.

पुढची काही वर्षे भाऊरावांनी जे केले, ते व्यापारी वाचकांना अधिक जवळचे वाटेल. ते फिरते विक्रेते झाले. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी त्यांनी गावेच्या गावे पायाखाली घातली. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराचा व्यवहार जुळवताना त्यांना दिसले, की व्यवहाराच्या कागदावर अंगठा उठतो आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. शाहू महाराजांची बोर्डिंगे समाजवार होती, त्यांच्या नावाचे हे बोर्डिंग मात्र सगळ्यांचे. ज्या जेवणघराच्या दारात एका मुलाला अडवले गेले होते, त्याला जणू दिलेले हे उत्तर होते: चूल एक, पंगत एक.

त्या चुलीची व्यवस्थाही मुलांकडे होती. धान्य आणणे, दळणे, सरपण गोळा करणे, स्वयंपाक, भांडी, शेतातील काम ही कामे विद्यार्थी वाटून घेत. हे केवळ काटकसरीसाठी नव्हते, जरी पैशाची चणचण सतत असे. लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. कोठारात किती ज्वारी उरली आहे, हे ज्या मुलाला माहीत असते, त्याला पानात टाकलेल्या भाकरीची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतेचे बोधवाक्य कारभारातून आलेले आहे. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हाही ‘कमवा आणि शिका’ हेच सूत्र राहिले. १९५९ मध्ये शासनाने पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरवले, त्या माणसाच्या हाती स्वतःची म्हणून शाळेची शेवटची पायरी ओलांडल्याचा दाखला नव्हता. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

खानदेशातील जैन कुटुंबांना वसतिगृहाचा अनुभव नवा नाही. चांदवड येथे काकाजींच्या पुढाकाराने १९२८ मध्ये सुरू झालेल्या श्री नेमिनाथ ब्रह्मचर्याश्रमात अनेक घरांतील मुले राहिली, शिकली. शाळा काढणे, खोल्या बांधून देणे, पाणपोई बसवणे यात समाजाचा हात सढळ आहे, आणि गावोगावच्या संस्थांमध्ये विश्वस्त म्हणून समाजातील मंडळी बसलेली आहेत. म्हणूनच प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या मंत्रिमंडळाचा राहत नाही, तो थोरांच्या मंत्रिमंडळापर्यंत येतो.

खाजगी अनुदानित शाळेचा कारभार कायद्याने आखून दिलेला आहे. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. शाळेतील नेमणुका व सेवाशर्ती १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी ठरतात. शालेय समितीवर संस्थेचे प्रतिनिधी असतात, शिक्षकांचा प्रतिनिधी असतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. मुख्याध्यापकाचे पद समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाला द्यावे, असा नियम आहे. या नियमावर टीका पुष्कळ होते. ज्येष्ठ म्हणजे कार्यक्षम नव्हे, हे खरे. गणिताचा उत्तम शिक्षक मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसला, की कधी चांगला शिक्षक जातो आणि चांगला प्रशासक मात्र मिळत नाही. परंतु हा नियम निघून गेला, तर त्या जागी गुणवत्ता येईल की भाचा-पुतण्या येईल, हेही प्रामाणिकपणे पाहावे.

हा प्रश्न जैन संस्थांसाठी काल्पनिक नाही. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. अल्पसंख्याक दर्जा मिळालेल्या शाळेला १९७७ च्या अधिनियमातच एक मोकळीक आहे: मुख्याध्यापकाची, आणि संस्थेने कळवलेल्या तीनपर्यंत अन्य व्यक्तींची, भरती या कायद्याच्या बंधनातून वगळली आहे. केरळमधील एका हायस्कूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले, की मुख्याध्यापकाची निवड हा अल्पसंख्याकांच्या संस्था चालवण्याच्या हक्काचा महत्त्वाचा भाग आहे. म्हणजे असा दर्जा घेतलेली संस्था सेवाज्येष्ठता बाजूला ठेवून मुख्याध्यापक निवडू शकते. हक्क मोठा आहे. पंचवीस वर्षे सेवा केलेल्या शिक्षकाला डावलून धाकट्याला खुर्ची द्यायची, तर त्याचे कारण इतिवृत्तात लिहिता आले पाहिजे आणि ते त्या डावललेल्या शिक्षकाला समोर बसवून सांगता आले पाहिजे. बँकेत कर्ज मंजूर करणारा अधिकारी कारण लिहितो, तसेच. कारण लिहिण्यास हात अडखळत असेल, तर निवड चुकली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरा विषय त्याहून अवघड. विश्वस्तांमध्ये दोन गट पडले, की दोघेही आपापला बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करतात. अधिनियमाप्रमाणे विश्वस्तांतील बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. कळवला जातोही, पण दोन वेगवेगळ्या याद्यांनी. मग खरे विश्वस्त कोण, हा वाद वर्षानुवर्षे चालतो. मुख्याध्यापकाच्या नेमणुकीस मान्यता मिळत नाही, सहीचा अधिकार कोणाला, हे शिक्षणाधिकाऱ्यांना ठरवावे लागते, कर्मचाऱ्यांची वेतनदेयके लांबतात, प्रभारी मुख्याध्यापक कोणताच खर्च अंगावर घेण्यास धजत नाहीत. नळ गळत राहतो तो यामुळे. दोन्ही गटांतील माणसे पर्युषणात एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या वकिलांना भेटतात. शाळेतील मुलांना हे सारे ठाऊक असते. थोरांना वाटते, मुलांना काय कळते. परंतु ज्या गावात पेठ आणि शाळा एका हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे काहीही झाकून राहत नाही.

पालकांची भीती निराळीच असते. शाळेत निवडणूक आली, की राजकारण येईल, गट पडतील, मुलगा अभ्यास सोडेल. ती भीती अगदी निराधार नाही. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसेमुळेच महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाने वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत आणली. लिंगडोह समितीच्या शिफारशींवरून सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांना शिस्त लावली. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत मर्यादित केला. २०१६ च्या अधिनियमाने निवडणुकांना पुन्हा वाट दिली. पण गुणवत्तेवर नेमण्याच्या काळाने एक गोष्ट दाखवून दिली: पहिला क्रमांक मिळवणारा विद्यार्थी इतरांचे गाऱ्हाणे मांडेलच, असे नाही. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला मॉनिटर करणाऱ्या शाळांनीही याचा विचार करावा. आणि शाळेतील निवडणुकीवर खर्चाचा प्रश्नच येऊ नये. कोण्या उमेदवाराच्या वडिलांनी वर्गाला वडे किंवा पेन वाटले, तर तो अर्ज बाद करण्याचे धैर्य मुख्याध्यापकांनी दाखवावे, मग वडील देणगीदार का असेनात.

मुलांच्या हाती नेमके काय द्यावे, याचे एक जुने उदाहरण बँकिंगशी संबंधित आहे. राष्ट्रीय बचत योजनेखाली शाळांमध्ये ‘संचयिका’ चालत असे. ती विद्यार्थ्यांची बचत बँक. ठेवी विद्यार्थ्यांच्या, खातेपुस्तिका विद्यार्थ्यांच्या, रोखपाल आणि व्यवस्थापकही विद्यार्थी. शिक्षक फक्त देखरेखीला. आठवड्याला आठाणे-रुपया जमा करणाऱ्या मुलाचे नाव चुकून दुसऱ्याच्या पानावर गेले, तर तो मुलगा खिडकीशी येऊन भांडत असे, आणि त्या भांडणातून रोखपालाला खतावणीचा धडा मिळत असे. हिशेब जुळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, हा नियम कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा पक्का बसतो. आज शासन व बँका मुलांची खाती उघडतात, ते चांगलेच. पण खाते उघडून मिळणे आणि बँक चालवणे यांत फरक आहे.

शाळेच्या मंत्रिमंडळालाही असे काही खरे द्यावे लागेल. रक्कम लहान चालेल. किरकोळ दुरुस्तीसाठी महिन्याला पाचशे रुपये पुरेत. पण ती मुलांच्या ठरावाने खर्च व्हावी, पावती जोडलेली असावी, कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक शिक्षकांकडे आणि एक विद्यार्थिनीकडे असावी, आणि महिनाअखेर जमाखर्च परिपाठात वाचून दाखवावा. पाचशे रुपयांत नळ दुरुस्त होतो. चूकही होईल, प्लंबर जास्त पैसे घेऊन जाईल, पावती हरवेल. दुकानात नव्याने बसलेल्या मुलाच्या हातूनही उधारी बुडतेच, म्हणून कोणी त्याला गल्ल्यावरून कायमचे उठवत नाही.

मुलींचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगावा लागतो. शाळेत मुख्यमंत्री म्हणून मुलगी निवडून येणे आता नित्याचे झाले आहे, आणि ती बहुधा कामही नेटाने करते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे त्या कायद्याखालील शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणपट पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन आहे. ज्या खाजगी संस्थांना असे बंधन नाही, त्यांच्या विश्वस्तांच्या यादीत महिलांची नावे किती आढळतात, हे संस्थेच्या कार्यालयातील फलकावरून कळते. चतुर्विध संघात श्राविकेचे स्थान स्वयंसिद्ध आहे. ते शालेय समितीत यायला अजून कोणाच्या परवानगीची वाट पाहिली जात आहे, हे समजत नाही.

तक्रारीचे दारही याच मंत्रिमंडळाच्या कक्षेत येते. शाळांमध्ये तक्रारपेटी असते, सखी-सावित्री समिती असते. पेटी उघडायची कोणी आणि कोणासमोर, यावर तिचा सारा उपयोग अवलंबून आहे. ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते, त्याच्याच टेबलावर ती एकट्याने उघडली जात असेल, तर मुले त्या पेटीत चॉकलेटचे कागद टाकतात. गंभीर स्वरूपाच्या तक्रारी अर्थातच मुलांनी हाताळायच्या नाहीत. त्यांसाठी कायदा आहे, पोलीस आहेत. पण पेटी ठरल्या दिवशी उघडली गेली का, आणि सामान्य तक्रारींना उत्तर मिळाले का, एवढे विचारण्याचा अधिकार विद्यार्थी प्रतिनिधीस देता येतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही आणि शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शालेय समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. दुसरा विषय ‘विद्यार्थी मंत्रिमंडळाचे निवेदन’ असा ठेवता येईल. दोन विद्यार्थ्यांनी, त्यांत एक मुलगी, दहा मिनिटे येऊन बोलावे, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि वर्गात परत जावे. त्यांना मत नसले, तरी चालेल. त्यांच्या निवेदनावर समितीने काय ठरवले, ते पुढच्या परिपाठात मुख्याध्यापकांनी सांगावे. नकार दिला असेल, तर कारणासह. बहुतेक शालेय समित्यांची पुढील सभा सहामाही परीक्षेपूर्वी होते. आठवीतील आरोग्यमंत्र्यांना आपले निवेदन लिहून काढण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे. आजोबांनी त्यावर एकदा नजर टाकावी, शुद्धलेखन तपासावे, आणि मजकूर मात्र तिचाच ठेवावा.